आपटली तर काय तुटंल?

अंकुश,

परवा तुझा जलदानविधी झाला. कारखान्यातले लोक आले होते, शाळेचे गुरुजी आले होते, तुझा मेहुणा विलास सोन्याच्या गलाईचं दुकान बंद ठेवून दोन दिवसांचा प्रवास करून आला होता. एकेक जण उठून बोलला. अंकुशराव किती सरळ, किती मोकळे, मनात म्हणून काही ठेवायचे नाहीत. मी मागच्या बाजूला सतरंजीच्या कडेला बसून ऐकत होतो. मनात ठेवणारा तुझ्याइतका पक्का माणूस मी पाहिला नाही, हे त्या मांडवात फक्त मला आणि शालन वहिनींना माहीत होतं.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हात जोडले आणि तसाच बसून राहिलो. मेजरचा गळा भरून आला, असं लोकांना वाटलं. ते काही खोटं नाही. पण तुझ्याविषयी माझ्यापाशी जे होतं ते बहुतेक सगळं संशयाचंच होतं, आणि ते मांडवात उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं लिहितोय, तुलाच उद्देशून. दुसऱ्या कुणाला सांगून त्याचा उपयोग नाही.

मी संशयी आहे हे तू शाळेपासून म्हणायचास. सैन्यात सिग्नलला सतरा वर्षं काढून मी नाईक म्हणून घरी आलो. गावानं रीतीप्रमाणे मला मेजर करून टाकलं आणि मी कडेगावात स्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. सिग्नलमध्ये शिकवलेली एक गोष्ट अंगात मुरली होती. आवाज तुटला तर आधी तार बघायची, मग यंत्र बघायचं, आणि दोन्ही ठीक असली तर समोरचा माणूस बघायचा. तू तेव्हा कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर होतास. वाड्यावस्त्यांवरची पोरं गोळा करून कारखान्याच्या शाळेत न्यायची आणि संध्याकाळी परत सोडायची. माझी लेक सुनंदा त्याच बसनं जायची. तुझ्या गाडीत ती बसली की आमच्या घरात कुणी घड्याळ बघत नसे.

त्या वर्षी उन्हाळ्यात विलास सुट्टीला आला तो स्वतःच्या मुलासाठी रिमोटवर पळणारी मोटार घेऊन. तासाभरात ती बंद पडली आणि तू ती माझ्याकडे घेऊन आलास. आतली एक तार सुटली होती, मी जोडली. मग आपण दोघांनी ती स्टँडमागच्या मोकळ्या जागेत पळवली. चाळिशीला टेकलेले दोन बाप्ये, त्यातला एक खाकी कपड्यातला ड्रायव्हर, हातात अँटेनाचा डबा धरून खेळण्याच्या मागं पळतायत, हे बघायला लोक थांबले होते. दुसऱ्या दिवशी ती एका दगडावर गेली आणि पुढचं चाक आसासकट निखळलं. तू ते चाक हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलास. मग म्हणालास, आपण चांगली गाडी मागवू. खरी पळणारी. बग्गी.

मला आनंदच झाला. मला वाटलं, इतक्या वर्षांनी तुलाही एखादा नाद लागला.

विलासच्या दुकानात सोनं गाळायला येणाऱ्यांत परदेशी माल आणणारा एक ओळखीचा होता. त्याच्याकडून विलासनं रंगीत पानं मिळवून टपालानं पाठवली. सगळा पावसाळा आपण ती पानं माझ्या दुकानातल्या बाकावर पसरून बसलो. तीन बग्ग्या आपल्या आवाक्यातल्या होत्या. एक अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बांधलेली, चारही चाकांना जोर मिळणारी, सगळ्यात वेगवान. दुसरी शर्यतीची, इतकी हलकी की पानावरच उडेल असं वाटायचं. आणि तिसरी ओबडधोबड, जाड प्लॅस्टिकच्या होडीसारख्या सांगाड्याची, मागच्या दोनच चाकांवर चालणारी.

माझं मन पहिलीवर होतं. तुझं कुठं होतं ते मला कळेना, कारण तू वेगाचं विचारतच नव्हतास. पानावरच्या प्रत्येक गाडीचं चित्र हवेत उडी मारतानाचं होतं. तू त्यावर बोट ठेवून म्हणालास, खाली पडल्यावर कशी दिसते त्याचं चित्र कुणी छापलेलं नाही. मी हसलो. तू हसला नाहीस. "एवढ्या जोरात दगडावर आपटली तर काय तुटंल, ते सांग," म्हणालास.

मी सांगत गेलो. पत्र्याचा सांगाडा वाकतो, आणि एकदा वाकला की गाडी कायम एका बाजूला ओढते. तुला हे बसमुळं माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. जाड प्लॅस्टिक लवतं आणि परत जागेवर येतं. चाकं धरणारे हात नायलॉनचे असतील तर ते धक्का खातात, धातूचे असतील तर धक्का पुढं पाठवतात आणि मग आतला दुसराच भाग मोडतो. गावाखालच्या कोरड्या तळ्यातली धूळ पिठासारखी असते, म्हणून दातेरी चाकं उघडी नकोत, बंद पेटीत हवीत. चाक वळवणाऱ्या मोटारीच्या पुढं एक छोटी स्प्रिंग असेल तर आपटल्यावर ती स्प्रिंग मार खाते, मोटार वाचते. पहिल्या गाडीत ती नव्हती, तिसरीत होती. तू मान हलवत ऐकायचास आणि शेवटी एकच अट घालायचास. जे तुटंल ते तुला कडेगावात बनवता आलं पाहिजे. परदेशातून सुटा भाग येईपर्यंत थांबायला वेळ नाही.

वेळ नाही, हे शब्द माझ्या कानात अडकले. खेळण्याला कसली आलीय घाई? आणि गाडी घेताना माणूस पळायचं विचारतो, तू सारखा आपटायचं विचारत होतास. तुला ती कुणाला तरी विकायची असावी, असा पहिला संशय मला तेव्हा आला. दुसरा असा की तू पैज लावली असावीस. मी काही विचारलं नाही. तुझ्यावर नजर ठेवायला लागलो.

दिवाळीला विलास तिसरी बग्गी घेऊन आला. सुटे भाग होते, आपणच जोडायचे. तू रजेच्या दिवसांत माझ्या दुकानात बसून ती जोडलीस. पुढचा बंपर तुला पसंत पडला नाही म्हणून पाण्याचा जुना जाड कॅन कापून दुसरा केलास. सायकलच्या आऱ्या तोडून चाकाच्या पिना आधीच डझनभर करून ठेवल्यास. अजून गाडी पळाली नव्हती आणि मोडल्यावरची तयारी पुरी झाली होती. बॅटरी चार्ज करायला वीज नसली की मी ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून चार्ज करायचो. एका चार्जवर जेमतेम सात-आठ मिनिटं पळायची.

त्या वर्षी गावाच्या खालच्या पाझर तलावात पाणी आलंच नव्हतं. तळ वाळून पाटीसारखा कडक झाला होता. तिथं आपण तिला पहिल्यांदा पूर्ण सोडली तेव्हा ती आवाज करत, मागं धुळीची रेघ ओढत गेली आणि माझ्या अंगावर काटा आला. शंभर पावलं मी मोजून दोन काठ्या रोवल्या होत्या. ती आठ सेकंदांच्या आत पार झाली. ओबडधोबड म्हणून मी हिणवलेली गाडी, पण तू तिच्या मोटारीपुढचं दातेरी चाक बदलून ती अशी पळवलीस की मी पत्र्याच्या गाडीचं नावच सोडलं.

मग तू तुझा नियम सांगितलास. गाडी लांब जायची, वळायची आणि भरधाव परत यायची. परत येताना तुझ्या डाव्या अंगाला दहा-बारा पावलांवर ठेवलेल्या दोन दगडांच्या मधून तिनं जायचं. तू समोर बघत उभा राहणार. मान वळवायची नाही. मी म्हटलं, हा कुठला नियम? तू म्हणालास, त्याशिवाय मजा नाही.

दगडांमधून ती क्वचितच गेली. धाडकन आदळायची, दोन कोलांट्या घ्यायची, चाकं वर करून गरगरायची. तू शांतपणे जाऊन उचलायचास, पिन बदलायचास, पुन्हा सोडायचास. एकदा नायलॉनचा हात इतका मागं वाकला की मला वाटलं संपलं, पण तो हळूहळू सरळ झाला. निवड चुकली नव्हती. पण दर वेळी तू एकच म्हणायचास, "सिग्नल तुटतोय रं."

हे मला झोंबलं. रेडिओ माझं खातं होतं. मी रिमोट घरी नेला. क्रिस्टल बदलले. क्रिस्टल म्हणजे रिमोट आणि गाडी एकाच सुरात बोलावीत म्हणून दोन्हीकडं बसवतात तो नखाएवढा तुकडा. अँटेनाची तार बदलली. सुनंदाला गाडी घेऊन बांधावर उभं केलं आणि मी रिमोट घेऊन तलावाच्या पार दुसऱ्या काठापर्यंत चालत गेलो. चाकं माझ्या बोटाबरोबर वळत होती. तारेत दोष नव्हता, यंत्रात दोष नव्हता.

मग मी माणूस बघायला लागलो.

आधी वाटलं, तू मुद्दाम आपटतोयस. माझा रेडिओ खोटा पाडायचा, म्हणजे पुढं गाडी एकट्यानं ठेवून घ्यायची. मग वाटलं, तू प्यायला लागलास. तुझ्याशी बोलताना मी वास घेऊन बघायचो. खोटं कशाला सांगू, दोनदा तर तुझ्या खांद्यावर हात टाकून मुद्दाम जवळ आलो. वास फक्त डिझेलचा आणि पानाचा. सैन्यातल्या सवयीनं मी प्रत्येक धडक वहीत लिहायला लागलो. कुठल्या दगडाला, कुठल्या बाजूनं. आठवडाभरात पानं माझ्यासमोर होती. मधूनमधून दगड उजवीकडंही ठेवून बघितले, तेव्हा गाडी जायची. डावीकडं ठेवले की आदळायची. जवळजवळ दर वेळी.

त्या दिवशी चहा आला तेव्हा मी तुझा कप तुझ्या डाव्या बाजूला, बाकाच्या कडेला ठेवला. तू समोर बघून बोलत होतास. थोड्या वेळानं म्हणालास, "माझा च्या कुठं हाय?"

मी म्हटलं, तुझ्या डाव्या हाताशी. तू मान वळवलीस, कप उचललास, आणि माझ्याकडं बघितलंस. तुला कळलं की मला कळलंय. चहा संपवून तू उठून गेलास.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर मी सरळ विचारलं. तुला डावीकडचं दिसत नाही ना? तू म्हणालास, आधी तुझा रेडिओ बघ. मी वही पुढं केली. तू ती वाचलीस, पानं उलटलीस, परत दिलीस आणि बांधावर बसलास. सकाळची वेळ होती, ऊस भरलेले ट्रॅक्टर कारखान्याकडं चालले होते. त्यांच्याकडं बघत तू बोललास.

"मला बी संशयच हाय. खात्री न्हाई. म्हणून तर ही गाडी घेतली. बसवर तपासून बघू का? बसमधी पोरं असत्यात. हितं नुसतं प्लॅस्टिक हाय."

अंकुश, आजवर तुझ्या तोंडून जेवढं ऐकलं त्यात हे सगळ्यात खरं होतं. पावसाळाभर पानं उलटीपालटी करून तू मजबूत गाडी का शोधत होतास, ते मला तेव्हा समजलं. तुला आपटून बघायचं होतं, पुन्हा पुन्हा, कुणाचं काही न जाता. मला लाज वाटली. मी तुझ्या अंगाचा वास घेत फिरत होतो.

मी म्हटलं, डॉक्टरकडं जाऊ. तू म्हणालास, डॉक्टर म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे बस गेली. बस सोडून तुला दुसरं काही येत नाही. जानेवारीत शाळेची सहल महाबळेश्वरला जाणार होती, ती तेवढी करायची आणि मग बघायचं. मान वळवायची सवय लावली की भागतंय, म्हणालास.

महाबळेश्वरचा घाट. डाव्या हाताला कधी डोंगर, कधी दरी. आणि सुनंदाचं नाव सहलीच्या यादीत होतं.

पुढचे पंधरा दिवस तू मान वळवायची सवय लावत होतास. नियम बदललास. गाडी डाव्या अंगाला आली की झटकन मान फिरवायची, मग दगडांमधून काढायची. आणि ती जायला लागली. एकदा, दोनदा, सलग पाच-सहा वेळा. तू माझ्याकडं बघून हसलास. मलाही हसावंसं वाटलं, पण माझा स्वभाव आडवा आला. मला वाटलं, हा दगड बघत नाहीये. ह्याला ते पाठ झालेत.

तू पाणी प्यायला बांधाकडं गेलास तेव्हा मी डावीकडला बाहेरचा दगड उचलून दोन पावलं आत ठेवला.

तू परत आलास, गाडी सोडलीस. ती लांब गेली, वळली, सगळा जोर लावून परत आली. तू मान फिरवलीस, बोट हललं, आणि ती थेट त्या दगडावर गेली. तुझा कॅनचा बंपर उभा फाटला. गाडी उडून तुझ्या मागं जाऊन पडली. तू ती उचलायला गेला नाहीस. दगडापाशी गेलास. दोन पावलांवर त्याच्या जुन्या जागेचा, धूळ न बसलेला गोल दिसत होता.

"दगड तू हलवलास."

"व्हय. रस्त्यावरचं तरी काय जागेवर राहतंय?"

गाडी उचललीस, काखेत मारलीस आणि बांधावरून निघून गेलास. मी हाक मारली नाही. तू शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं.

पुढं काय झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही. चार दिवस मी वाट बघितली. तू रोज बस नेत होतास, रोज पोरं सुखरूप सोडत होतास, आणि मी रोज दुकानाच्या पायरीवर उभा राहून सुनंदा उतरेपर्यंत श्वास धरत होतो. सहलीला आठवडा राहिला. पाचव्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी सायकलवरून कारखान्यावर गेलो. गाडीखात्याच्या साहेबांना भेटलो आणि सगळं सांगितलं. वही दाखवली नाही, तेवढं मला जमलं नाही. माझं नाव अंकुशला सांगू नका, म्हणालो. साहेबांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, बरं, तुमचं नाव माझ्यापाशी राहील. एवढ्यावरच त्यांनी मला उठवलं. आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बसवर दुसरा ड्रायव्हर होता. तुला वर्कशॉपात घेतलं होतं. कुणीतरी साहेबांचे कान भरले, असं गावात बोललं जाऊ लागलं. तू ते खोडून काढलं नाहीस.

आणि त्याच आठवड्यात तू दुकानात आलास. मी एका रेडिओच्या तारेला सोल्डरचा डाग देत होतो. तू उभ्या उभ्याच विचारलंस.

"तू गेलतास का सायबाकडं?"

मी मान वर न करता म्हटलं, "न्हाई."

मग म्हणालास, "बरं." आणि गेलास.

ते बरं मी पुढं तीन वर्षं मनात घोळवलं. तुला कळलंय आणि तू मला माझ्या खोटेपणासकट सोडून दिलंस, असा मी त्याचा अर्थ लावला. सहल नीट झाली. सुनंदा स्ट्रॉबेरीचे दोन खोके घेऊन आली, त्यातला एक तुझ्यासाठी. मी तिलाच तुझ्याकडं पाठवलं, स्वतः आलो नाही.

होळी झाल्यावर तू एका सकाळी आलास आणि म्हणालास, मिरजेला डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचंय, चल. मलाच का? वाटेत कबूल करून घ्यायचा विचार असेल, असं वाटलं. एसटीत तू मला डावीकडं बसवलंस आणि सगळा रस्ता यंदाच्या ज्वारीविषयी बोलत राहिलास. डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. गेलं ते परत येणार नाही, आहे ते थेंबांनी टिकवता येईल. तू त्यांना एकच विचारलंस, किती दिवसांपासून असेल. दोन-तीन वर्षं तरी, ते म्हणाले. बाहेर आल्यावर तू रस्त्याच्या कडेला उभा राहिलास आणि हळू आवाजात म्हणालास की दोन-तीन वर्षं पोरं बसमधी हुती. मी तुझा दंड धरला. रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर आपण पुन्हा तळ्यावर जायला लागलो. आता मी तुझ्या डाव्या अंगाला उभा राहायचो आणि गाडी दगडापाशी आली की "आता" म्हणायचो. तू बोट हलवायचास, ती निघून जायची. माझ्या शब्दावर ती बग्गी पूर्ण वेगात गेली आणि एकदाही आदळली नाही, असं मी म्हणणार नाही. पण आदळली तेव्हा तू मलाच शिव्या द्यायचास, आणि त्या मला फार बऱ्या वाटायच्या. वर्कशॉपात तू फिटर म्हणून बस्तान बसवलंस. बस सोडून दुसरं काही येत नाही म्हणणारा माणूस, आणि चारी तालुक्यांतले ड्रायव्हर इंजिनाचा आवाज ऐकवायला तुझ्याकडं येऊ लागले.

तरी माझा संशय गेला नाही. तू हुरडा आणून दिलास की मी विचारात पडायचो. सुनंदाच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी तू सांगलीला दोन हेलपाटे घातलेस तेव्हा मला रात्रभर वाटत राहिलं की तू मला माझ्याच नजरेत लहान करतोयस. आणि तू मधूनच, कशाचं काही नसताना, म्हणायचास, "मेजर, तुझं लय उपकार हायती माझ्यावर." मला तो टोमणा वाटायचा. मी विषय बदलायचो. एकदा तर चिडून म्हणालो, पुरे कर आता ते. तू गोंधळून माझ्याकडं बघितलंस. तो गोंधळही मला नाटक वाटला.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तू वर्कशॉपात बसल्या जागी गेलास, आणि विचारायचं राहूनच गेलं.

परवा मांडव रिकामा झाल्यावर शालन वहिनींनी मला थांबवलं. मी मान खाली घालून बसलो. म्हटलं, आता त्या विचारणार. त्या म्हणाल्या, "बसवरनं उतरवलं तवा लोक म्हणायचे कुणी तरी चुगली केली. कुणी न्हाई केली भावजी. ते सोताच गेलते सायबाकडं, सकाळच्या पाळीला. दगड हलवल्यापासनं त्यांना झोप न्हवती."

त्या पुढं बोलत राहिल्या. तू घरी सांगितलं होतंस म्हणे, की मेजरला सगळं ठाऊक होतं, त्याची लेक गाडीत बसणार होती, तरी तो साहेबाकडं गेला नाही. तू म्हणायचास, मी विचारून घेतलं त्याला. त्यानं दगड हलवून दाखवला आणि पुढचं माझ्यावर सोडलं. माझ्या हातानं बस खाली ठेवायची संधी त्यानं मला दिली. दुसरा कुणी असता तर धावत जाऊन सांगून आला असता.

"मरूस्तवर तुमचं नाव घेत हुते," वहिनी म्हणाल्या.

मी उठलो आणि सरळ साहेबांच्या घरी गेलो. सवय जात नाही, पडताळून बघायचंच होतं. ते निवृत्त होऊन विट्यात राहतात. त्यांना आठवत होतं. तुम्ही दोघं एकाच दिवशी आलात, म्हणाले. सकाळी तो, दुपारी तुम्ही. त्याला तुमचं नाव मी सांगितलं नाही, तुम्हीच तसं म्हणाला होतात.

तीन वर्षं मी तुझ्या चांगुलपणात काटा शोधत राहिलो, आणि तू माझ्या खोट्याला चांगुलपणा समजत राहिलास. तुझा चुलीपुढचा विश्वास आणि माझा दुकानातला संशय, दोन्ही चुकीच्या माणसाला धरून बसले होते. मी खरं सांगितलं असतं तर तू रागावला असतास का, तेही आता कळायचं नाही. कदाचित तू म्हणाला असतास की लेक बसमधी असताना बापानं जायलाच पायजे. कदाचित तळ्यावर येणंच बंद केलं असतंस. मी तुला ते ठरवूच दिलं नाही. तू उपकार मानत होतास, ते मी न केलेल्या गोष्टीचे होते, आणि जी केली होती ती तुझ्यापासून लपवून ठेवली.

वहिनींना आज सकाळी जाऊन सांगितलं. त्या पाणी भरत होत्या. कळशी खाली ठेवून त्यांनी सगळं ऐकलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "त्यांना सांगायचं हुतं, भावजी." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

तर आता तुला सांगतो. मी गेलो होतो, अंकुश. तू गेलास त्याच दिवशी, दुपारी, सायकलवरून. तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून गेलो होतो, आणि तू माझ्या आधीच तिथं जाऊन आला होतास.